कड कापलेला नकाशा

“बाकी कुछ भी करना अंतरा, बाजू की पट्टी मत काटना. पट्टी गई तो नक्शा गूँगा हो जाता.”

मला पत्र्याच्या लांब नळकांड्यात सरकवताना बदरुन्निसा आपानं हे बजावलं होतं. अंतरा हसली. “नहीं काटूँगी आपा, मैं क्या बच्ची हूँ?” म्हणाली आणि नळकांडं काखेत मारून निघाली. बच्ची नव्हती हे खरं. पुण्यात भूगोल घेऊन बी.ए. झालेली, एका मुलीची आई, दुसऱ्या वेळची पोटुशी. बच्ची असती तर कदाचित ऐकलं असतं.

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. दुबईच्या उत्तरेला असलेल्या रास अल खैमाच्या पाठीशी जे करडे, कोरडे डोंगर उभे आहेत, त्यांचा. घड्यांवर माझा कागद विरलाय आणि आतलं कापडी अस्तर डोकावतंय. पण राग मात्र अजून नव्यासारखा करकरीत आहे. तेव्हा ही गोष्ट मी गोड आवाजात सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी माझा जन्म ऐका, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. माणसं त्या डोंगरांत पाठीवर पाणी घेऊन फिरली, दगड फोडून पाहिले, विमानातून फोटो काढले, आणि मग माझी आखणी झाली. छापखान्यात मी एका दमात छापला गेलो नाही. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, प्रत्येक रंगाला कागद पुन्हा यंत्राखाली. तपकिरी ठशानं मला उंची दिली, म्हणजे समोच्च रेषा. काळ्या ठशानं वाटा आणि गावं दिली. निळा ठसा सगळ्यात शेवटी आला आणि त्यानं मला पाणी दिलं. तिथल्या ओढ्यांना वादी म्हणतात. वर्षभर त्यांत नुसते गोटे असतात, म्हणून त्या निळ्या तुटक रेषेनं दाखवल्या. लक्षात ठेवा हं, निळी तुटक रेष म्हणजे वादी आणि काळी तुटक रेष म्हणजे पायवाट. आकार एकच, फरक फक्त रंगाचा.

आणि हा फरक सांगणारी जी उभी पट्टी माझ्या उजव्या बाजूला होती, ती माझी जीभ. खुणांची सूची, प्रमाण, छपाईचं साल, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना: डोंगरात दूरवर पाऊस झाला तरी वाद्यांना अचानक पूर येतो, पात्रात थांबू नये.

माझी कामाची वर्षं मानाची होती. रास अल खैमातल्या एका लहानशा सल्लागार कंपनीत मी राहत होतो. विहीर कुठे खणायची, सिमेंटसाठी कुठला डोंगर चांगला, असले प्रश्न घेऊन लोक माझ्यासमोर वाकून उभे राहत. नकाशांची खोली बदरुन्निसा आपाच्या ताब्यात होती. ती हैदराबादची, आवाजानं मऊ पण नियमाला कडक. डोंगरात जाणाऱ्याला ती माझी नक्कल द्यायची, रंगीत, पट्टीसकट. मला स्वतःला कधीच बाहेर नेऊ द्यायची नाही. जाणाऱ्यानं आधी माझ्यावर पेन्सिलीनं आपली जागा गोल करायची, परत आल्यावर स्वतःच्या हातानं खोडायची. संध्याकाळी एखादा गोल तसाच राहिला, तर आपा घरी जात नसे. फोन करत बसे. तरुण इंजिनिअर चेष्टा करायचे, “आपा, हम क्या नर्सरी में हैं?” आपा म्हणायची, “गोल मिटाओ, फिर बोलो.”

अंतरा त्याच कंपनीत अहवाल टाइप करायला होती. हा नियम तिनं रोज पाहिलेला. कंपनी बंद झाली, सामान वाटलं गेलं, तेव्हा आपानं मला तिच्या हवाली केलं ते म्हणूनच. भूगोल शिकलेल्या मुलीच्या घरी नकाशा सुखात राहील असं तिला वाटलं.

सुखात! कपाटावर, सूटकेसच्या मागे, मी धूळ खात पडलो. ते एक वेळ चाललं असतं. पण मग डेव्हिड आला.

डेव्हिड वसईचा, एका हॉटेलात अकाउंट्सला. अंतराचा नवरा सत्यजित टाइल्सच्या फॅक्टरीत खरेदी बघायचा. दोघांची दोस्ती घट्ट. परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी ओढ्यात बसून ताटलीनं वाळू चाळतात आणि सोन्याचे कण गोळा करतात, निव्वळ हौस म्हणून, असं डेव्हिडनं कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, तो हिरवी प्लास्टिकची खोलगट ताटली घेऊन हजर.

“वहिनी, बघत राहा. हा तुझा नवरा आणि मी, दोघं मिळून दुबईच्या सोनेबाजाराला, गोल्ड सूकला, माल पुरवणार.”

“आधी कोपऱ्यावरून दूध आणून पुरवा,” अंतरा म्हणाली. धाकटा यतीन तेव्हा काही महिन्यांचा होता आणि मांडीवर रडत होता.

पण सोनं शोधायचं कुठे? नकाशा हवा. मित्रांनो, त्या महिन्यात या घरात जे नकाशे आले ते पाहून मला अजून शिसारी येते. पेट्रोलपंपावरचा एक चकचकीत नकाशा, त्यावर उंट आणि शॉपिंग मॉल, आणि डोंगरांच्या जागी नुसता पिवळा पट्टा. वर्तमानपत्रातली एक पुरवणी, प्रमाणच नाही. अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या कुठल्याशा वर्कशॉपमधल्या माणसानं हातानं काढलेलं एक चित्र, मध्ये चांदणी आणि बाजूला ‘गोल्ड’. चांदणी! डेव्हिडनं ते पाकिटात देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. नकाशा म्हणजे कोणीतरी तिथे पायी जाऊन आलेलं असणं. यांना नकाशा नको होता, जाहिरात हवी होती.

शेवटी सत्यजितला मी आठवलो. मला जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले, आणि दोघं माझ्यावर ओणवे झाले.

“हे बघ!” सत्यजित ओरडला. “हातोडे! एकावर एक दोन हातोडे. म्हणजे खाण.”

“आणि एक इकडे. दोन ठिकाणं आहेत रे!” डेव्हिडनं छातीवर क्रूस केला.

अरे, माझ्यावर कुठेही सोनं लिहिलेलं नाही! हातोड्यांची खूण सूचीत स्पष्ट होती: जुनी तांब्याची खाण, बंद. बोट दीड वीत उजवीकडे सरकवलं असतं तर वाचता आलं असतं. पण ज्याला सोनं दिसायला लागतं त्याला बारीक अक्षरं दिसत नाहीत.

त्यांना माझी झेरॉक्स हवी होती. फॅक्टरीच्या यंत्रात फक्त ए-थ्री मावत होतं आणि मी त्यापेक्षा रुंद. सत्यजितनं विचारलं, “अंतरा, ही बाजूची किनार उडवली तर बरोबर बसतं गं. कापू का?”

ती स्वयंपाकघरात होती. खांद्यावर यतीन, गॅसवर डाळ. तिला आपाचे शब्द आठवले. मला माहीत आहे, कारण ती दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि क्षणभर थांबली. मग कुकरची शिट्टी झाली.

“कापा काय कापायचं ते. पण तो पसारा आवरा आधी.”

कात्री माझ्या अंगावरून खालपर्यंत गेली. पट्टी जाड, कापडी, टिकाऊ. वाया कशाला घालवायची म्हणून अंतरानं ती मसाल्याच्या खणात अंथरली. माझी जीभ, मित्रांनो, हळदीच्या डब्याखाली!

झेरॉक्स दोन आल्या. काळ्यापांढऱ्या. माझे डोंगर करडे, माझी रेती करडी, आणि निळ्या ठशानं दिलेलं पाणी काळं. एक प्रत वाकडी आली म्हणून घरीच राहिली. अंतराच्या मोठ्या लेकीनं, पाच वर्षांच्या पर्णिकानं, तिच्या मागे मासा काढला आणि फ्रिजला लावला.

पहिल्या हातोड्यापर्यंत डांबरी रस्ता होता. तिथून ते जॅमच्या बाटलीत चमचमती वाळू घेऊन आले. अभ्रक होतं ते, दुसरं काही नाही. पण बाटली टीव्हीवर ठेवली गेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली गेली. पुढच्या शुक्रवारी पर्णिकानं हट्ट धरला.

“मम्मा, आय विल ब्रिंग यू अ गोल्ड स्टोन. प्रॉमिस.”

“पाण्याची बाटली घे. टोपी घाल. बाबांचा हात सोडायचा नाही. काय सांगितलं?”

“डोन्ट लीव्ह बाबाज् हँड. आय नो, मम्मा.”

अंतरा स्वभावानं काळजीखोर. मुलीच्या बॅगेत तिनं दोन स्वेटर कोंबले, बिस्किटं कोंबली, नवऱ्याला तीनदा विचारलं, “नक्की कुठे जाताय?”

“दुसरा हातोडा. जेवायला घरी. यल्ला डेव्हिड, ऊन चढायच्या आत निघू.”

दुसरा हातोडा म्हणजे कुठे, हे तिनं विचारलं नाही. मी कपाटावर होतो. पेन्सिल टेबलावर होती. एक गोल, एवढंच. स्वेटर दोन आणि गोल एकही नाही! काळजी करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं, हे मला त्या दिवशी ओरडून सांगायचं होतं.

दुपारचं जेवण झाकून राहिलं. गावात लख्ख ऊन होतं, पण खिडकीतून पलीकडचे डोंगर दिसेनासे झाले होते. काळंभोर आभाळ त्यांच्या डोक्यावर टेकलं होतं. सत्यजितचा मोबाईल लागत नव्हता. डोंगरात तो कधीच लागत नसे. अंतरानं डेव्हिडच्या बायकोला, मिल्ड्रेडला फोन केला.

“अगं, येतील गो. चहाला कुठेतरी थांबले असतील,” मिल्ड्रेड म्हणाली. थोड्या वेळानं तिचाच फोन आला, आवाज बदललेला. “अंतरा, आमच्या हॉटेलचा एक ड्रायव्हर आत्ता डोंगराकडून आला. म्हणतो, तिकडे वाद्या वाहतायत. मी गाडी घेऊन येते.”

तेव्हा मला खाली काढलं. यतीन अंतराच्या कडेवर भोकाड पसरून रडत होता. तिनं पहिला हातोडा पाहिला. डांबरी रस्ता. दुसरा पाहिला. त्याच्याकडे रस्ताच नव्हता.

“इथे गाडी जातच नाही,” ती एव्हाना येऊन पोचलेल्या मिल्ड्रेडला म्हणाली. “मग हे गेले कुठे?”

“देवाक माहीत! तू शिकलीस ना हे सगळं? बघ ना नीट!”

अंतराची नजर फ्रिजवर गेली. तिनं ती वाकडी झेरॉक्स ओढून काढली, मासा खाली करून माझ्याशेजारी ठेवली. आणि मित्रांनो, तिचं बोट दोन्ही कागदांवर आळीपाळीनं फिरलं. झेरॉक्सवर दुसऱ्या हातोड्यापर्यंत एक छान तुटक काळी रेष जात होती. हुबेहूब वाट. माझ्यावर तीच रेष निळी होती.

“पाणी आहे हे,” ती पुटपुटली. “वाट समजून वादीत शिरलेत. पर्णिकाला घेऊन वादीत शिरलेत.”

तिनं धावत जाऊन मसाल्याचा खण उपसला. डबे जमिनीवर गेले, हळद सांडली. पिवळी झालेली पट्टी तिनं माझ्या कापलेल्या कडेला टेकवली आणि खाली उकिडवं बसून वाचू लागली. किती दिवसांनी मी बोलत होतो! हातोडा: तांब्याची खाण, बंद. निळी तुटक: वादी. तळाची सूचना वाचताना तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मग तिचं बोट काळ्या तुटक रेषेच्या खुणेवर आलं: पायवाट. तिथून ते माझ्या अंगावर फिरू लागलं. हातोड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या धारेपलीकडे एक गाव होतं आणि त्या गावातून एक खरीखुरी काळी तुटक रेष धार ओलांडून खाली खाणीपर्यंत उतरत होती.

मिल्ड्रेडच्या गाडीतून दोघी मला घेऊन पोलीस ठाण्यात पोचल्या. तिथला अधिकारी आधी म्हणाला, “इन्शाल्ला मदाम, दे विल कम.” वादीच्या तोंडाकडे एक गाडी पाठवली होती, पाणी इतकं होतं की ती परत फिरली. अंतरानं यतीनला मिल्ड्रेडकडे दिलं आणि मला त्याच्या टेबलावर पसरलं, त्याचा चहाचा पेला बाजूला सारून.

“नॉट फ्रॉम हिअर,” ती म्हणाली. “फ्रॉम हिअर. धिस व्हिलेज. देअर इज अ फूटपाथ. माय डॉटर इज देअर. शी इज फाइव्ह.”

अधिकारी वाकला. मग त्यानं आत कोणाला तरी हाक मारली. आत आलेला हवालदार त्याच डोंगरातला निघाला. त्यानं काळ्या रेषेवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. शेळ्यांची वाट आहे, अजून आहे, म्हणाला. अंधार पडायच्या आत माणसं त्या गावातून दोर घेऊन उतरली.

ती तिघं सापडली. दरडीतल्या एका अरुंद कट्ट्यावर, भिजलेली, दातखीळ बसायची बाकी. खाली लाल पाणी दगड लोळवत चाललं होतं आणि गाडीचा पत्ता नव्हता. ते वाचले कसे माहीत आहे? पर्णिकाला वर शेळ्या दिसल्या. ती बाबांचा हात सोडून चढली आणि हाका मारली तरी उतरेना. तिला आणायला दोघं चढले आणि आभाळातून नव्हे, वळणामागून पाणी आलं. पाऊस कुठे तर डोंगराच्या पार पलीकडच्या उताराला. मग डेव्हिड पुन्हा खाली उतरला. कशासाठी? टीव्हीवरून उचलून सोबत नेलेल्या जॅमच्या बाटलीसाठी! अभ्रकाच्या बाटलीसाठी! त्याचा पाय वाहत्या दगडांत सापडून मोडला. सत्यजितनं त्याला बखोटीला धरून वर ओढलं नसतं, तर आज मिल्ड्रेडला सांगायला काय उरलं असतं?

इस्पितळात पर्णिका आईला म्हणाली, “मम्मा, सॉरी, आय लेफ्ट बाबाज् हँड.” अंतरानं तिला इतकं घट्ट धरलं की नर्सला मध्ये पडावं लागलं. सत्यजित भिंतीला टेकून उभा होता.

“पाऊस आम्ही होतो तिथे नव्हताच गं,” तो म्हणाला. “आभाळ निरभ्र होतं. मला काय माहीत...”

“छापलेलं होतं,” अंतरा म्हणाली. “छापलेलं होतं, सत्यजित. आपण दोघांनी मिळून कापलं.”



पट्टी मला पुन्हा जोडली आहे, मागून चिकटपट्टी लावून. हळदीचा डाग गेला नाही, जाऊही नये. आता मी दाराशेजारी टांगलेला असतो, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसह. या घरातून डोंगराकडे, समुद्राकडे, कुठेही लांब जाणारा माझ्यावर गोल करतो. पर्णिका आता मोठी झाली आहे. शाळेच्या ट्रिपला जाताना कुरकुरते, “मम्मा, सीरियसली?” तरी करते, आणि आल्यावर खोडते. अंतरानं बदरुन्निसा आपाला हैदराबादला पत्र लिहून सगळं कळवलं. आपाचं उत्तर एका ओळीचं होतं: “गोल मिटाया कि नहीं?”

एवढ्यावर माझा राग उतरायला हवा होता. पण काय झालं ऐका. पाय बरा झाल्यावर डेव्हिड दोन हिवाळे गप्प बसला. मग मिल्ड्रेड मुलांच्या शाळेसाठी वसईला गेली, फ्लॅटमध्ये तो एकटा राहिला, आणि ती हिरवी ताटली पुन्हा माळ्यावरून खाली आली. हल्ली त्याच्याकडे कॉम्प्युटरवरून छापून आणलेला एक नवा नकाशा आहे. त्यालाही कड नाही. दर शुक्रवारी तो जातो. सत्यजित म्हणतो, “मोठा माणूस आहे तो, आपण काय बांधून ठेवणार?” अंतरा वाद घालत नाही. ती गुरुवारी संध्याकाळी फोन करते, कुठे जाणार ते विचारते, माझ्यावर त्याच्या नावाचा गोल करते आणि शुक्रवारी तो घरी पोचल्याचं त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय खोडत नाही. तो चिडतो. “वहिनी, तू माझी आई आहेस काय गो?” म्हणतो. चिडू दे. माझा राग त्याच्यापेक्षा जुना आहे.

आज शुक्रवार आहे. दिवे लागलेत. गोल अजून माझ्यावर आहे, आणि अंतराच्या हातातला फोन तिकडे नुसता वाजतो आहे. ती चपला घालते आहे. दारातून वळून ती जे म्हणाली ते सत्यजितला म्हणाली, पण मला वाटतं ते तुम्हालाही होतं, कारण तुमच्या ओळखीतही एकटा राहणारा असा एक माणूस असेलच: “तो एकटा आहे, सत्यजित. पोचला असेल म्हणून बसू नकोस. ऊठ, त्याचं दार वाजवून येऊ.”